दोन बोटं चहा

मुअत्तर-ओपा माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे. तरी मी तिला ओपा, म्हणजे ताईच म्हणतो. आमच्या डायलिसिसच्या खोलीत सगळेच म्हणतात. आठवड्यातून तीनदा आपल्या दंडात जाड सुया खुपसणाऱ्या बाईला नावाने हाक मारायची छाती कोणाची आहे?

मी इर्गाश, ओपासाठी इर्गाश-अका, म्हणजे दादा. तीस वर्षं मार्गिलान-कोकंद बस चालवली, मग मूत्रपिंडांनी संप पुकारला. गेली सहा वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास यंत्राला बांधलेला असतो. जिभेला हाड नाही असं घरचे म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत.

ओपाने आधी बाळंतिणींच्या विभागात नर्स म्हणून वीस वर्षं काढली. तिथे नवजात बाळांची पावलं मुठीत धरून पाहायची तिला सवय लागली. गार लागली की लगेच डॉक्टरला हाक. हीच सवय घेऊन ती आमच्याकडे आली. आमच्या गावात परकी बाई पुरुषाचा हात धरत नाही, छातीवर हात ठेवून मान लववते. ही बाई दारातच प्रत्येकाचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची आणि घटकाभर सोडायची नाही. सुरुवातीला म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. एकाची बायको तर भांडायलाच आली होती.

"खाला, तुमच्या नवऱ्याच्या हातात मला काही रस नाही," ओपा तिला म्हणाली. "त्यातल्या रक्तात आहे. बसा, तुमचाही पाहते."

तिचं म्हणणं साधं होतं. डायलिसिससाठी आमच्या दंडात धमनी आणि शीर एकत्र जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. कधी कधी ही नवी वाट सगळं रक्त आपल्याकडेच ओढते आणि पुढे बोटं उपाशी राहतात. हात गार पडतो, दुखतो, आणि लक्ष दिलं नाही तर सडतो. बोटाला लावायचं यंत्र आमच्याकडे होतं, पण ते वर्षभर बिघडलेलंच होतं. तिच्या तळव्याला मात्र एक हात गरम आणि एक गार हे लगेच कळायचं. चार वर्षांपूर्वी माझाच डावा हात तिने असा पकडला. आठ दिवसांत शस्त्रक्रिया झाली, हात वाचला. याच हाताने मी आज नातवाचे कान पिळतो.

आता माझ्या जिभेचं सांगतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी दारात शिरलो, तिने हात धरले, आणि मी म्हणालो, "काय हो ओपा, पाहुणा घरात येतो, त्याला आधी चहा विचारतात की त्याची झडती घेतात?" सगळी खोली हसली. ओपाही हसली, पण ते तिला लागलं असणार. पुढच्या सोमवारी दाराशी एक विजेचा समोवार, चहाचं पाणी उकळायचं भांडं, आला. आता आल्या आल्या प्रत्येकाला हातात पियाला मिळायचा. आमच्याकडे पियाला काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ 'पी आणि चालू लाग'. मान द्यायचा तर तळाशी दोन बोटं चहा ओततात. आम्हाला पाणी मोजूनच पिता येतं, म्हणून हा मान आमच्या पथ्यातही बसायचा. बाहेरच्या थंडीतून यायचं, पियाला दोन्ही तळव्यांत धरून बसायचं, आणि मग ओपा यायची हात पाहायला. किती छान चाललंय म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटत होतो!

मागच्या वर्षी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होलमत-उस्ता आले. रेशीम रंगवणारे, म्हणून उस्ता, म्हणजे उस्ताद. पन्नास वर्षं निळीच्या कुंडात हात बुडवून त्यांची नखं आणि बोटांची टोकं कायमची निळी-काळी झालेली. साखरेचा आजार जुना, फिस्टुला डाव्या दंडात. कमी बोलणारा, फार सभ्य माणूस. "कसं आहे, उस्ता?" असं कोणीही विचारलं की उत्तर ठरलेलं, आधी देवाचे आभार.

"शुकुर, चांगलंय."

मी चिडवायचो. "उस्ता, मान कापली तरी तुम्ही शुकुरच म्हणाल."

"आधी कापू तर द्या, मग पाहू."

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी वीज गेली. जनित्र फक्त यंत्रांपुरतं, म्हणून समोवार बंद. चहा नाही. मी अर्थातच कुरकुर केली. ओपा म्हणाली, "इर्गाश-अका, एक दिवस चहाशिवाय मरणार नाही तुम्ही." तेवढ्यात उस्ता आत आले, हातमोजे काढले, आणि ओपाने त्यांचे दोन्ही हात धरले.

तिने बोटं चाचपली. हात सोडले, पुन्हा धरले. डावा आपल्या गालाला लावला. भर खोलीत, परक्या पुरुषाचा हात! आम्ही सगळे बघतच राहिलो.

"उस्ता, उजवा हात खिशात होता का?"

"नाही, दोन्ही मोज्यांत होते. का हो?"

तिने डाव्या हाताचं नख दाबलं. नख निळं, त्यावर काय दिसणार? तिने हात उलटा केला आणि बोटाचं मांस दाबून सोडलं. पांढरा खळगा तसाच राहिला. ती पुटपुटत आकडे मोजत होती. आठपर्यंत मी ऐकलं, तरी खळगा पांढराच. मनगटावर नाडी शोधली, सापडेना. मग तिने अंगठ्याने दंडातला फिस्टुला घट्ट दाबून धरला, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मनगटात नाडी आली. अंगठा उचलला. नाडी गेली. पुन्हा दाबला, आली. उचलला, गेली. शेवटी तिने करंगळी उजेडात धरली. नखाच्या कडेला निळीच्या आत एक काळा, ओला ठिपका होता.

"हे काय आहे?"

"निळीने चिरलं असेल. बरंच होत नाहीये."

"कधीपासून?"

"कापसाची वेचणी संपली तेव्हापासून."

म्हणजे तीन महिने. आठवड्यातून तीनदा. मी तिथल्या तिथे हिशेब केला. चाळीसएक वेळा या बाईने हाच हात हातात घेतला होता, आणि चाळीस वेळा म्हणाली होती, "छान, दोन्ही गरम आहेत." ती गर्मी रक्ताची नव्हतीच. ती पियाल्याची होती. डोळ्यांना निळीने फसवलं, तळव्यांना चहाने. आणि चहा कोणाच्या थट्टेमुळे आला होता? मी तोंडावर हात ठेवला.

ओपाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचीही नजर दाराजवळच्या त्या समोवाराकडे गेली, तिथेच थिजली. मग ती किंचाळलीच, "डॉक्टर!" सहा वर्षांत मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं, आणि तेही खुर्चीत बसल्या बसल्या.

त्याच दुपारी उस्तांना फरगानाच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या सर्जनने फिस्टुला आवळून बारीक केला, हातात रक्त परतलं. तीन बोटं वाचली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र मधल्या पेरापासून काढावं लागलं. सर्जन म्हणाला, दोन महिने आधी आला असतात तर एक नखही गेलं नसतं. हे वाक्य ओपाला कोणी सांगायला नको होतं. कोणीतरी सांगितलंच.

त्या दिवसापासून दारात आधी हात, मग चहा. एका नव्या रुग्णाने नाक मुरडलं, "अहो, टेकू तरी द्या!" मी त्याच्यावर असा खेकसलो की तो मुकाट्याने दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

मार्चमध्ये ओपा म्हणाली, "इर्गाश-अका, मला उस्तांच्या घरी जायचंय. एकटीने जाववत नाही." आम्ही दोघं गेलो. उस्ता अंगणात बसले होते, डावा हात पट्टीत. मुलगा कुंडावर काम करत होता आणि ते बसल्या बसल्या त्याच्या चुका काढत होते. आम्हाला पाहून उठायला लागले.

ओपा बसलीच नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "उस्ता, चूक माझी आहे. मी तुम्हाला गरम पियाला द्यायचे आणि मग हात पाहायचे. मला कळलंच नाही. मला माफ करा."

"थट्टा माझी होती," मी म्हणालो. "चहा माझ्यामुळे सुरू झाला."

उस्ता आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांना खरंच काही उमजत नव्हतं.

"म्हणजे, तुम्हाला माहीत नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत नव्हतं?" ओपा म्हणाली.

"अहो, रात्रंदिवस ठणकायचा हा हात. झोप नाही, काम नाही. फक्त तुमचा पियाला धरला की तेवढा वेळ थांबायचा. मला वाटलं, तुम्ही ओळखलंत. हातांसाठीच सगळ्यांना देता, हाच इलाज चाललाय. मग तुम्ही विचारायचात कसं आहे, मी म्हणायचो चांगलंय." ते ओशाळून हसले. "इलाज चालू असताना तक्रार कशी करायची?"

ओपा मटकन खाली बसली. उस्तांनी उजवा हात छातीवर ठेवला, मान लववली आणि तिचे आभार मानले.