पाहुण्याला पोहे

बाळांनो, काल तुम्ही दोघांनी मला फोनवर एक चित्र पाठवलेत. नाल्याकाठी टाय लावून बसलेला वाघ, पुढ्यात पोह्यांची बशी, आणि खाली ओळ: ‘पाहुण्याले पोहे देऊ नका.’ सोबत तुम्ही लिहिलेत, ‘आजी, हे तुझ्या चंद्रपूरचं आहे म्हणे. आमच्या मराठीच्या वर्गात सगळे खूप हसले.’ हो, आमच्याकडचेच आहे. तो नाला आपल्या घरापासून चौथ्या घराच्या मागे आहे. चित्र समुद्र ओलांडून तुमच्यापर्यंत पोहोचले आणि त्यामागची हकीकत मात्र इथेच राहिली, म्हणून ती लगेच लिहून पाठवते आहे. उशीर केला तर तुम्हाला चित्रच खरे वाटेल.

आपल्या वसाहतीचा एक ग्रुप आहे. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, एवढे कळावे म्हणून तुमच्या बाबांनी मला त्यात घातले. पाण्याची वेळ तिथे आजवर कोणी धड सांगितलेली नाही. वीज गेली की लिहितात, ‘पंख्याले सुट्टी मंजूर.’ मागे अस्वल एका देवळात शिरून दिव्यातले तेल पिऊन गेले, अशी बातमी आली. देवळाचे दार मोडले, पुजारी घाबरून आजारी पडला. ग्रुपवर चर्चा काय, तर अस्वलाने कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे की नाही. माकडाने माझा चष्मा पळवला तेव्हा मी विचारले, कोणाच्या गच्चीवर पडलेला दिसला का. उत्तर आले, ‘बाई, माकड सध्या पेपर वाचून राह्यलं. वाचून झाला की आणून देईल.’ चष्मा मिळाला नाही. आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवले. या ग्रुपातले निम्मे माझ्याच वर्गात शिकलेले. तेव्हा मला एक शब्द उलट बोलत नसत.

नाल्याला लागून जे शेवटचे घर आहे, तिथल्या बाईंना सगळे ‘कडेच्या बाई’ म्हणतात. नाल्यापलीकडे झुडपी जंगल सुरू होते आणि ते दिसते फक्त त्यांच्या मागच्या ओट्यावरून. त्यांचे माहेर गडचिरोलीकडचे, धानाच्या शेतीचे. त्या दिवस कलल्यावर वाघाचे नाव घेत नाहीत. पाहुणा म्हणतात. मी एकदा कारण विचारले होते. म्हणाल्या, ‘नाव घेतलं का येते. पाहुणा म्हटलं का आपला आपला जाते. पाहुणा कोणाच्या घरी रायते का जनमभर?’ त्या काही साधूसंत नाहीत हं. रोज सकाळी गुलाबाची फुले आणि सुविचार पाठवून माझा फोन भरून टाकतात. पण पाहुण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द कधी खोटा ठरलेला नाही.

त्यांना टाइप करता येत नाही. फोनपुढे बोलायचे आणि फोनने लिहायचे, अशी सोय नातवाने करून दिली आहे. पण त्या फोनला पुण्याची मराठी कळते, आमच्या झाडीपट्टीची बोली कळत नाही. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी बाई ओट्यावर वाळवण उचलायला गेल्या आणि नाल्याच्या काठी तो बसलेला त्यांना दिसला. घाईघाईने त्या फोनपुढे बोलल्या, पाहुणा आला, नाल्याजवळ बसून आहे, पोरं बाहेर सोडू नका. फोनने ग्रुपवर लिहिले, ‘पाहुणा आला नाल्याजवळ बसून आहे पोहे बाहेर सोडू नका.’

पुढचे तुम्ही ताडलेच असेल. ‘पाहुण्याले नाल्याजवळ बसवता अन् पोहेबी नाई?’ ‘कांदा महाग झाला भाऊ.’ ‘वरपक्षाकडचा आहे का? मंग तर्री पोहे लागतील.’ फोन टिणटिण वाजतच राहिला. मला पाहुणा म्हणजे कोण ते माहीत होते, आणि नाल्याच्या पुलावरून शिकवणीची मुले सायकलीने परतायची वेळ झाली होती हेही माहीत होते. मी लिहिले, ‘हा विनोद नाही. नाल्याजवळ वाघ आहे. मुलांना पुलावरून येऊ देऊ नका.’ त्यावर लगेच उत्तर, ‘मास्तरीणबाई, वाघ पाहुणा असन त जावई कोन?’ आणि त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

मी ग्रुप बंद करून शिकवणीवाल्या सरांना सरळ फोन लावला. त्यांनी मुलांना आतच बसवले, दार लावून घेतले. मग मी वनखात्याला कळवले. त्यांची गाडी आली, दिवे टाकले, तसा तो उठला आणि घाई न करता पलीकडच्या झुडपांत गेला. मुले त्या गाडीच्या मागेपुढे घरी आली. कोणाला ओरखडाही उमटला नाही. सकाळी चिखलात पंजे उठलेले सगळ्यांनी पाहिले. आता तरी जीभ आवरतील असे मला वाटले होते. पंजांचा फोटो टाकून एकाने लिहिले, ‘पाहुणा उपाशी गेला.’ दुपारपर्यंत ते टायवाले चित्र तयार झाले.

कडेच्या बाईंनी त्याच दिवशी ग्रुप सोडला. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

‘अहो, हसले त्यांचे दात दिसले,’ मी म्हणाले. ‘तुम्ही सांगणे थांबवू नका.’

‘मी काऊन सांगू? मी पोरं म्हटलं, त्यानं पोहे लिवलं. सारा गाव हासून राह्यला. बजारात भाजीवाला म्हनते, बाई, पोहे देऊ का.’

‘उद्या खरेच कोणाचे पोर पुलावर असले तर?’

‘त विचारा त्या हासनाऱ्याहीले. त्याहीच्या ओट्यावरून दिसते का पाहा.’

तोच तर प्रश्न होता. दुसऱ्या कोणाच्याच ओट्यावरून दिसत नाही. मी ग्रुपच्या प्रमुखाला, रिचार्जचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांना, बाईंची जाहीर माफी मागायला सांगितले. त्यांनी जोडलेल्या हातांचे चित्र टाकले, आणि त्याच्या खाली, कदाचित सवयीने, पोह्यांची बशी. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. त्याचा कोणावरही काही परिणाम झाला नाही.

मध्ये काही आठवडे गेले. एका संध्याकाळी मी तुळशीला दिवा लावत होते, तेवढ्यात गल्लीतून बाई पदर खोचून भरभर येताना दिसल्या. कुंपणाशी थांबल्या, आवाज खाली करून म्हणाल्या, ‘मास्तरीणबाई, पाहुणा.’ एवढेच बोलल्या आणि उलट पावली गेल्या. रुसवा कायम होता, चालण्यातच दिसत होता.

मी ग्रुपवर तो एकच शब्द लिहिला. पाहुणा. पुढे पूर्णविराम दिला.

या वेळी कोणी पोहे मागितले नाहीत. गल्लीत फाटके लागल्याचे आवाज आले, कोणीतरी कुत्र्याला आत ओढले, शिकवणीच्या सरांनी ‘मुले आत आहेत’ असे लिहिले. तो गेल्याचे कळल्यावर मात्र पहिला संदेश आला, ‘पाहुणा निंगाला. आता पोहे सोडा बाहेर.’ त्यांना सुधारणे माझ्या हातचे नाही, आणि या वयात मला तेवढा वेळही नाही.

तर ते चित्र वर्गात पुन्हा दाखवाल तेव्हा पाहुणा म्हणजे कोण, तेही सांगा. बाई ग्रुपवर परतलेल्या नाहीत. त्या कुंपणाशी येऊन मला सांगतात, मी लिहिते, आणि तो शब्द वाचला की आमच्या वसाहतीतली मुले अजून घरात घेतली जातात.