कॅसेटला ऊन दाखवणं

मी मुळातच घोर लावून घेणारी बाई. गॅस बंद केला का हे तीनदा बघून घराबाहेर पडते, आणि तरी बुधवारा पेठेच्या कोपऱ्यावरून एकदा परत येते. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात ती व्हिडिओ कॅसेट पोस्टाने नाशिकला पाठवायचं ठरलं, तेव्हा घरातल्यांनी आधीच हात जोडले.

कॅसेटमध्ये माझी ताई होती. ती दहा वर्षांची असताना बाबा कामाला होते त्या कागद कारखान्याच्या शाळेतली मुलं टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात गेली होती. ताईने बांबूपासून कागद कसा होतो ते न अडखळता सांगितलं. मग कार्यक्रमातल्या बाईंनी विचारलं, मोठी झाल्यावर कोण होणार? तिने काहीतरी उत्तर दिलं आणि सगळी मुलं हसली. आई म्हणते, ती डॉक्टर म्हणाली. डॉक्टर म्हटल्यावर कोण कशाला हसेल? मला आठवतं ते असं, की तिला कारखान्याचा भोंगा वाजवायचा होता. बाबांनी ऑफिसर लोकांच्या क्लबातून व्हीसीआर मागून आणला आणि तेवढा कार्यक्रम भरून घेतला.

सतराव्या वर्षी ताई काविळीने गेली. तिचे फोटो तीन आहेत, आवाज मात्र त्या कॅसेटमध्येच. हल्ली लेकरू शिंकलं तरी त्याचा व्हिडिओ निघतो. माझा नुसता जळफळाट होतो.

व्हीसीआर कधीच कालबाह्य झाला. वीसेक वर्षांत कॅसेट कुणी लावून बघितली नव्हती. एक दिवस माझी मुलगी मोबाईल घेऊन आली. नाशिकच्या एक बाई लोकांच्या घरातल्या जुन्या कॅसेटी गोळा करतात, त्यातले मुलांचे कार्यक्रम साफ करतात आणि इंटरनेटवर सगळ्यांना बघायला ठेवतात. न सापडलेल्या कार्यक्रमांची त्यांची एक लांबलचक यादी होती आणि त्यात आमचा कार्यक्रम होता. मूळ टेपवर पुढे दुसरंच काही भरलं गेलं, असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे प्रत उरली असली तर आमचीच. वाचून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी आधी कपाट उघडून कॅसेट जागेवर आहे का ते तीनदा बघितलं.

"मम्मी, फोन तर लाव, इतना क्या सोचना?" मुलगी म्हणाली.

फोन लावला. बाई फार गोड बोलल्या. कॅसेट कशी ठेवली होती, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "आई फार जपते हो. दर वैशाखात गच्चीवर ऊन दाखवते."

"कव्हरात ठेवून?"

"छे, बाहेर काढून. गव्हाशेजारी, गोधड्यांशेजारी. दोन दिवस."

"किती वर्षं?"

"तीसेक असतील."

"वैशाखाच्या उन्हात?" बाईंनी पुन्हा विचारलं. वैशाखात आमच्या बऱ्हाणपुरात गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण वर्षभर टिकवायचं ते उन्हात टाकायचं, गहू, मिरची, डाळी, गोधड्या, एवढंच आईचं शास्त्र. ताई गेल्यावर तिने कॅसेट त्याच रांगेत मांडली. मीही दर वर्षी जिना चढून ती वर नेऊन द्यायचे आणि संध्याकाळी खाली आणायचे. एकदाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

"पाठवा तर खरं," बाई म्हणाल्या. "बघू."

आईने कॅसेट स्वतःच्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात बांधली. वरून मी प्लास्टिकच्या तीन पिशव्या चढवल्या. "त्या बाईले सांगजो, मायी पोर हाय त्याच्यात," आई म्हणाली. "दणकन ठेवू नको म्हना."

नंतरचे दीड महिने माझा जीव टांगणीला. आई रोज विचारायची, आला का फोन? मी रोज म्हणायचे, येईल. खरं तर मला तो यायला नकोच होता.

बाईंचा फोन आला तेव्हा मी सिंधीपुऱ्यात भाजी घेत होते. उन्हाने फीत वाकडी झाली होती. गुंडाळलेल्या फितीचा बाहेरचा थर सगळ्यात जास्त भाजला होता आणि कार्यक्रमाची सुरुवात नेमकी त्याच थरात. पुढचं नाटक आणि गाणं अर्धंमुर्धं निघालं होतं. ताई सुरुवातीलाच होती. तिचं चित्र नाही, आवाजही नाही, नुसती खरखर. बाई पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या. मी त्यांचे आभार मानले आणि भाजी तिथेच विसरून चालू लागले.

जे निघालं ते त्यांनी इंटरनेटवर ठेवलं. त्याखाली लोक लिहितात, लहानपण आठवलं, डोळे भरून आले. मी वाचते आणि संतापते. त्यांचं सापडलं, आमचं गेलं.

त्या दिवशी घरी आई ओट्यावर वाट बघत होती. तिला खरं सांगायचं म्हणजे, तुझ्याच हाताने गेली असं सांगायचं. ऐंशीच्या घरातल्या बाईला. रस्ताभर मी तेवढाच विचार केला होता.

"आई, पार्सल पावसात भिजलं. मी नीट बांधलं नव्हतं."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तीस साल मी सांभाळली. तुह्या हातात दिली अन् तू घालवली?"

"हो."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आता बोलते, पण माझ्या हातात काही जपून ठेवायला देत नाही, साधी रेशनकार्डाची पिशवीसुद्धा. शेजारणी आल्या की सांगते, "माह्याजोळ व्हती तोवर चांगली व्हती." मी तिथेच बसलेली असते. शेजारणी माझ्याकडे बघतात आणि मी मान डोलावते.