चण्याच्या पाण्याचा फेस

अप्पांनी चार दिवसांत पहिल्यांदा वाटी रिकामी केली, आणि मी कचऱ्याच्या डब्यातून पाकीट काढून त्याच्या मागचं वाचलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या घशाला किरणोपचार चालू होते, तोंडभर फोड आले होते. पेज, दूध, ताक, काहीच उतरत नव्हतं. वहिनीनं मोबाइलवर बघून एक गोड पदार्थ केला. बिस्किटाच्या चुऱ्यावर चॉकलेट आणि वर मार्शमेलो वितळवून पांढरा मऊ थर. तेवढा थर वाटीत काढून दिला, तो अप्पांनी सगळा खाल्ला. चावायला नको, झोंबत नाही. आई डोळे पुसायला आत गेली.

मार्शमेलोच्या पाकिटावर लाल ठिपका होता. आत जिलेटिन. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात ते.

आमचं घर लिंगायतांचं, मांस-अंडं कधी शिवलेलं नाही. पण त्याहून जास्त ते पत्रकांचं घर. अप्पा सूतगिरणीत कारकून, आणि उरलेला सगळा वेळ पत्रकं. हुंड्यावर, बुवाबाजीवर, नळाच्या पाण्यावर. मी अक्षरं त्यांच्या प्रुफांवर शिकले आणि घड्या घातलेली पत्रकं जुळे सोलापूर भागात दारोदार वाटली. 'विकत घेता ते वाचून घ्या' हे पत्रक मी नववीत असताना आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. त्यातला जिलेटिनचा परिच्छेद माझा होता.

म्हणून मी मोठ्यानं वाचलं.

अप्पा उठले, बेसिनपाशी गेले, चूळ भरली. भाऊ म्हणाला, हिरव्या ठिपक्याचे मिळतात, मागवतो. त्यांनी हातानंच नको म्हटलं. "साकु," आईला कानडीत म्हणाले. पुरे. मग फक्त पाणी आणि गोळ्या. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यात खाणं सुरू झालं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. अप्पांनी नळीलाही नको म्हटलं.

"ताई, मनात वाचलं असतं तर चाललं नसतं का?" वहिनी भांडी घासता घासता म्हणाली.

माझ्याकडे उत्तर होतं. माणसाला आपण काय खातो ते कळायलाच हवं, हे मी सभांत माइकसमोर ओरडून सांगितलेलं आहे. आजही सांगेन. त्या दिवशी मात्र मी जिलेटिनऐवजी वापरतात तो समुद्री शेवाळाचा चायना ग्रास भिजत घातला.

तो जेलीसारखा घट्ट झाला. अप्पांनी एक तुकडा जिभेवर ठेवला आणि काढून टाकला. मग साय फेटली, तर दुधाचा वास सोसेना. मग कुठंतरी वाचलं की काबुली चणे उकडलेलं पाणी फेटलं तर पांढरा फेस येतो.

"चण्याचं पाणी व्हय?" आई वळसंग गावची. "ते आमी म्हशीला घालायचो की."

तरी चणे तिनंच उकडले. मी फेटायला घेतलं तर पाणी पिवळं आणि खारट. सवयीनं हळद-मीठ घातलं होतं.

"हळदीकुंकू ठेवलंय का आज?" वहिनी म्हणाली. आई हसली नाही. मीही नाही. घरात रोज चण्यांची उसळ होत होती.

सहाव्या दिवशी जमलं. गार पाणी फेटून घट्ट केलं, आईनं साखरेचा गोळीबंद पाक बारीक धारेनं ओतला. फेस टिकावा म्हणून लिंबू घालतात, पण अप्पांना झोंबलं असतं, म्हणून नाही घातलं. शेवटी डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची पावडर हलक्या हातानं मिसळली. वाटी घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"यात काय हाय?" फार हळू बोलत होते.

"चण्याचं पाणी, साखर, तुमची पावडर."

"डबा आण."

मी पावडरचा डबा आणला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. प्रूफ वाचायचे तसे, एकेका ओळीखाली नख फिरवत. लिंबू नसल्यानं फेस बसायला लागला. वाटीच्या कडेला पाणी सुटलेलं मला दिसत होतं.

"अहो, खावा की आधी," आई दारातून म्हणाली. "लई वेळ लावताय."

त्यांनी मान वर केली नाही. पत्त्यापर्यंत सगळं वाचलं, डबा फिरवून हिरवा ठिपका बघितला, चष्मा काढला. मग चमचा घेतला.

एक. दोन. तिसऱ्याला थांबले, गिळलं. चार. पाचव्याला वाटीत नुसतं पाणी उरलं होतं.

"उद्या जरा जास्त कर," म्हणाले.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी आत जाऊन दोन वाट्या चणे भिजत घातले. आईनं स्टुलावर चढून मीठ आणि हळद वरच्या फळीवर, सवयीनं स्वतःचाच हात पोचणार नाही अशा जागी ठेवली.