सवलतीची नऊ रोपं

माझ्या वडिलांना सप्टेंबरच्या शेवटी झाडं लावायची हुक्की आली, आणि त्याला कारणीभूत एक पाटी. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, आमच्या घराजवळ एक नर्सरी आहे. सीझन संपत आला म्हणून तिथल्या लोकांनी उरलीसुरली रोपं मागच्या कुंपणाशी आणून ठेवली होती आणि वर लिहिलं होतं, सत्तर टक्के सूट. बाबांनी चालायला जाताना ती पाटी वाचली. त्या दिवसापासून त्यांनी मला सुखाने जेवू दिलं नाही.

बाबा मे महिन्यात नागपूरहून आले होते आणि ऑक्टोबरच्या मध्यावर परत जाणार होते. आल्या दिवशीच, बॅगासुद्धा उघडल्या नव्हत्या तेव्हा, त्यांनी जाहीर करून टाकलं की ही आपली शेवटची खेप. दोन विमानं, मधले सहा तास, त्यात हे गुडघे, आता होत नाही. पाच महिने मी त्या एका वाक्यावर धुमसत होते. आई गेल्यापासून ते तिकडे एकटे राहतात, मी एकुलती एक, आणि माणूस पहिल्याच चहाला शेवटची खेप म्हणतो. जमलं तर पुन्हा येऊ, एवढं म्हणायला काय जात होतं त्यांचं?

तर ती रोपं होती होस्टाची. अळूसारखी रुंद पानं, सावलीत खूश, इथे दर तिसऱ्या घरापुढे असतात. हिवाळ्यात जमिनीवरचं सगळं मरून जातं आणि मेमध्ये मुळातून पुन्हा कोंब येतात. आमच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाखाली गवतही धरत नाही, तिथे होस्टा लावायला हवेत, असं मी जूनमध्ये कधीतरी बोलून गेले होते. ते बाबांच्या बरोबर लक्षात राहिलं. रक्तदाबाची गोळी जेवणाआधी की नंतर, हे मात्र रोज सांगावं लागायचं.

शनिवारी त्यांना घेऊन गेले. रोपांची अवस्था बघवत नव्हती. गोगलगायींनी पानांची चाळणी केलेली, कडा तपकिरी, निम्म्या कुंड्यांवर नावाची पट्टीच नाही. मी त्यातल्या त्यात बऱ्या पानांची दोन बाजूला काढली. बाबांनी ती परत ठेवली. मग एकेक कुंडी उचलून, तळहातावर उलटी करून, रोप मातीसकट बाहेर काढून ते मुळं तपासायला लागले. वाटेवर मातीचा सडा पडला. लोक वळसा घालून जात होते. मी म्हटलं, बाबा, इथे असं करत नाहीत.

"पान काय पाहतेस, बेटा," ते म्हणाले. "पान तर चाललंच आहे. बूड पाहा."

पाऊण तासाने नऊ रोपं निवडून झाली. नऊही वेगळी. कुणाच्या पानाला पांढरी किनार, कुणी निळसर, एक पिवळट, एकाला तर पानं म्हणून तीनच. इथवर ठीक होतं. पण काउंटरवर बाबांनी आपल्या इंग्रजीत त्या मुलीला सांगितलं की आठांचे पैसे घ्या, नववं वर टाका, नाहीतरी तुम्ही फेकूनच देणार. सत्तर टक्क्यांच्या वर! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या मुलीने हसून नववं खरंच फुकट दिलं. त्यामुळे पुढचे दोन दिवस बाबांशी बोलण्यात काही अर्थ राहिला नाही.

सोमवारी रोपं लावायला त्यांनी बॅगेतून स्वतःचं खुरपं काढलं. हो, नागपूरहून आणलेलं. माझ्यासाठी मागवलेला गोडा मसाला वजनात बसला नव्हता, खुरपं बसलं होतं. मेपलची मुळं वरवरच पसरलेली असतात, खणणं म्हणजे जिवावरचं काम, पण वयाच्या शहात्तराव्या वर्षी ते उकिडवे बसून सकाळभर खणत राहिले. मी खिडकीत मीटिंगला बसलेली आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या कमरेकडे.

दुपारी बाहेर येऊन पाहते तर प्रत्येक रोपाभोवती त्यांनी आळं केलं होतं. नागपूरच्या घरी असतं तसं, पाणी वाहून जाऊ नये म्हणून मातीची गोल पाळ, मध्ये खोलगट, त्या खोलगट जागेत रोप. पाळ तळहाताने थापून गुळगुळीत केलेली. मी कपाळाला हात लावला. त्यांना समजावलं की इथली माती चिकण आहे. त्या खोलग्यात बर्फ वितळून पाणी साचेल, पुन्हा गोठेल, आणि होस्टाचा गड्डा कुजेल. इथे पाणी अडवायचं नसतं, जाऊ द्यायचं असतं.

"आळं नाही केलं तर झाड लावलं काय आणि टाकलं काय," बाबा म्हणाले. "आळं म्हणजे आपण पुन्हा येणार पाणी द्यायला."

"मग या ना पुन्हा," मी म्हटलं.

ते खुरप्याची माती काढत बसले. मग म्हणाले, "उगवली तर येतो."

आठवड्यात पहिलं दव गोठलं आणि नऊही होस्टांची पानं उकडलेल्या पालकासारखी जमिनीला चिकटली. हे दरवर्षीचं आहे, झाड खाली जिवंत आहे, असं मी त्यांना दहा वेळा सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. जाण्याच्या दिवशी गाडीत बसण्याआधी ते मेपलखाली जाऊन उभे राहिले. खुरपं इथेच ठेवून गेले. तिकडे दुसरं आहे म्हणाले.

आता मी केलं ते सांगते. जमीन गोठायला अजून महिना होता. ती पाळ मोडून माती सारखी करणं हे अर्ध्या तासाचं काम. नवऱ्याने दोनदा विचारलं, मी करू का. मी नको म्हटलं. रोज चहा घेताना खिडकीतून ती नऊ आळी दिसायची आणि रोज मला वाटायचं, राहू दे. एकदा कळू दे त्यांना की मला इथलं काही समजतं. माणूस उगवली तर येतो म्हणून गेलाय, त्याने यावं म्हणून माझा जीव तुटतोय, आणि मी ती कुजायची वाट बघत चहा पितेय. इतका मूर्खपणा मी दुसऱ्या कुणाचा खपवून घेतला नसता.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला तेव्हा प्रत्येक आळ्यात साचलेलं पाणी गोठून बर्फाची एकेक चकती झाली होती. दर रविवारी बाबा फोनवर विचारायचे, कोंब आले का. मी म्हणायची, अजून थंडी आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारच्यांचे होस्टा वीतभर वर आले आणि आमचे आले दोन. बाकीच्या सात ठिकाणी बोट घालून पाहिलं. नासका बटाटा लागतो तसं लागलं हाताला. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि माझी मलाच लाज वाटत होती.

मग नर्सरीत गेले आणि सात रोपं आणली, पुऱ्या किमतीला. मेमध्ये कुणी सूट देत नाही. एकच जात मिळाली, सातही सारखी, तजेलदार. बाबांच्याच खुरप्याने लावली आणि स्वतःला शिव्या घालत प्रत्येकाला आळं केलं, फोनवर सगळं त्यांचंच दिसावं म्हणून. पाळ थापताना माझी बोटं दुखून आली.

रविवारी व्हिडिओ लावून फोन मेपलखाली नेला. बाबांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

"डावीकडची दोन माझी," ते म्हणाले. "बाकीची नवीन आणलीस. पूर्ण पैसे देऊन?"

मी हो म्हटलं. मग काय, सगळंच सांगून टाकलं. कुजली हेही, कुजणार हे माहीत असून पाळ मोडली नाही हेही. तुम्हाला खोटं पाडायचं होतं, म्हटलं.

"ही आळी आजच मोडून टाक," ते म्हणाले. "पाणी साचतं म्हणालीस ना." आणि मग, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात, "तिकीट सप्टेंबरचं पाहा. आता फार महाग असेल. तेव्हा त्या दुकानातही सूट लागते."

बघते, असं म्हणून मी फोन ठेवला. नऊतली दोन उगवल्यावर येणार होता हा माणूस, आणि मला हिवाळाभर नवांचा हिशेब करायला लावला. संध्याकाळी सात आळी मोडली. बाबांच्या त्या दोन रोपांची मोडायला हात होईना, ती तशीच ठेवली. सप्टेंबरात आले की मोडतील त्यांची तेच, नाहीतर मग होईल भांडण.