शिकलेल्या पोराचं नाव

भाद्रपदातला पोळा जवळ आला, बैलांची शिंगं रंगायला लागली, की ती केस माझ्यापुढं येऊन उभी राहते. नोकरीतलं माझं शेवटचं वर्ष होतं. आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात मी सहाय्यक फौजदार होतो. मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो आणि खांद्यावर स्टार लागेपर्यंत गेलो, तो कुणाच्या वशिल्यानं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढची गोष्ट शिकण्याचीच आहे. नावं मात्र मी कुणाची लिहिणार नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलं तर कळेल.

गाव जुन्नरच्या शिवेला लागून. तिथं पोळ्याच्या मिरवणुकीत वेशीतून पहिली जोडी कुणाची जायची, यावरून वरची आळी आणि खालची आळी यांच्यात जुनं भांडण. दोन्हीकडं एकच आडनाव, एकच भावकी. हल्ली लोक बैलाचं तोंड छापलेले टी-शर्ट घालतात. वरच्या आळीचे पिवळे, खालच्या आळीचे निळे. त्या वर्षी दोन्ही जोड्या एकदम वेशीत घुसल्या, बैल बुजले आणि काठ्या निघाल्या. खालच्या आळीतल्या एका माणसाचं डोकं फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोक्याला पट्टी बांधून फिर्याद द्यायला आला. वरच्या आळीतल्या एका घरातले बाप, चुलते, चुलतभाऊ, सगळ्यांची नावं त्यानं घातली. सगळ्यांत शेवटी त्या घरातल्या पोराचं नाव घेतलं आणि म्हणाला, "डोस्क्यात काठी ह्यानंच घातली." ठाणे अंमलदारानं सांगेल तसं लिहून घेतलं. गर्दी-मारामारीचा गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडं आला.

मी गावात गेलो तेव्हा बाप आणि चुलते ओट्यावर कपडे बदलून तयार बसले होते. मारामारीचा अनुभव असलेली घरं अशीच बसतात. अटक झाली, कोर्टापुढं उभे केले, जामीन झाला. पोरगं तेवढं घरात नव्हतं. फरार.

बाप जामिनावर सुटून आला त्याच दिवशी पोराची आई ठाण्यात आली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "सायेब, पोरानं नीटची परीक्षा दिलीय. मार्क चांगलं पडल्यात. आता मेडिकलची यादी लागनार हाय. यादीत नाव आलं की त्यानं सवता कागदं घेऊन कॉलेजात हजर व्हावं लागतंय. मुदतीत न्हाई गेला तर ती जागा दुसऱ्याला जाती वो."

"मग आणा की त्याला."

"ह्यांनी कुटं ठिवलाय ते मलाबी सांगत न्हाईत."

तेवढ्यात नवरा मागून आला. "तू गप. घरी चल."

मी त्याला बसवला. चहा मागवला. चहा पुढं आला की माणूस थोडा सैल होतो, हा माझा अनुभव. तो नाही झाला. मी एका कॉलेजात फोन लावून विचारलं होतं, तेच त्याला सांगितलं. "हे बघ, नुसती फिर्याद झाली म्हणून प्रवेश अडवत नाहीत. पोरगं हजर राहिलं नाही, तर मात्र जागा जाणार."

"सायेब, आमाला शिकवू नका. केसमधी नाव आल्यावर काय व्हतं, ते मला पक्कं म्हायती हाय. आदी जामीन, मंग डाक्टरकी."

"पक्कं कसं काय माहीत तुला?"

तो चहा तसाच ठेवून बायकोला घेऊन गेला.

मग मी फिर्यादीच्या घरी पुरवणी जबाब घ्यायला गेलो. माणूस खाटेवर आडवा. मी स्टूल ओढून बसलो आणि इकडंतिकडं बघत राहिलो. मला ती सवय होती. साक्षीदार बोलतो तेव्हा मी त्याच्याकडं कमी बघतो आणि त्याच्या घराकडं जास्त. दारासमोरच्या कुडाच्या कुंपणावर धुणं वाळत होतं. त्यात एक पिवळी लांब चिंधी होती, धुऊन घट्ट पिळलेली. बैलाचं अर्धं तोंड छापलेलं, एक शिंग आणि एक डोळा.

वरच्या आळीचा टी-शर्ट खालच्या आळीच्या कुडावर कसा?

"हे काय आहे?" मी विचारलं.

फिर्यादी म्हणाला, "आसंल कुणाचं तरी. पोरं आनत्यात."

"तुमच्या घरात त्यांचं फडकं? पोळ्याच्या आठवड्यात? लई मोठं मन आहे राव तुमचं."

त्याची बायको चुलीपुढं बसली होती, तिचा हात थांबला. मी तिला म्हणालो, "वहिनी, दवाखान्यातले डॉक्टर मला म्हणाले, जखम कुणीतरी दाबून नीट बांधून आणली होती, नाहीतर रक्त फार गेलं असतं. कुणी बांधली?"

"आत जा गं तू," फिर्यादी ओरडला.

ती आत गेली नाही. उभी राहिली. "का जाऊ? सांगते. त्याच पोरानं बांधली. सगळी काठ्या घिऊन पळत व्हती, त्यो एकटा ह्यांच्यापाशी बसला. आंगातला टी-शर्ट फाडला. मला म्हनला, काकी, इथं दाबून धरा, सोडू नका. उघड्या आंगानं गाडीवर घालून त्यानंच दवाखान्यात न्हेलं. आन् ह्यांनी त्याचंच नाव घातलं."

फिर्यादी भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो भिंतीशीच बोलला.

"शिकल्यालं पोरगं आडाकलं की बाप पाय धरायला येतो. त्याच्या बापानं आमच्या थोरल्याचं काय केलं, इचारा की त्याला. मागं बांधावरनं भांडान झालं तवा आमचा थोरला पोलिसात भरती व्हनार व्हता. ग्राऊंड निघालं व्हतं, लेखी निघाली व्हती. भांडनात त्यो नव्हताच. तरी ह्याच्या बापानं नाव घातलं. चौकशीत केस निघाली आन् पोरगं घरी. आता पिकअप चालवतंय."

मला बापाचं ते वाक्य आठवलं. केसमध्ये नाव आल्यावर काय होतं, ते त्याला पक्कं माहीत होतं. त्यानंच करून बघितलं होतं.

मी पंच बोलावून फडकं जप्त केलं, नवराबायकोचे जबाब घेतले आणि तसाच वरच्या आळीत गेलो. बापाला म्हणालो, "पोरगं सुटलं. फिर्यादीनं स्वतः लिहून दिलंय. आता तरी सांग कुठं आहे."

तो हसला, वाईट हसला. "ग्वाड बोलून पोरगं काडून घ्याल आन् आत टाकाल. त्यो माझ्या पोराला सोडील? मी वळखत न्हाई व्हय त्याला?"

मीही हट्टी माणूस. त्या घरातून निघालो आणि खबर पेरली. भीमाशंकरच्या रस्त्यावरचे हॉटेलवाले, एसटीचे कंडक्टर, सगळ्यांना सांगितलं. हिरड्याच्या टेम्पोवर एक ड्रायव्हर होता, माझ्या जुन्या ओळखीचा. त्याचा फोन आला.

"भाऊ, आहुप्यात एक पावनं आल्यालं हाय. कालिजातलं पोरगं वाटतंय. मेडिकलची यादी लागली का, म्हनून मला इचारत व्हतं. तर घरमालक धावत आला आन् म्हनला, मोबाईल देऊ नगं, पोलीस लोकेशन काडत्यात."

मी जीप घेऊन निघालो. घाटमाथ्यावर आहुप्यात पाऊस आणि धुकं. पोरगं एका घराच्या पडवीत हिरडा निवडत बसलं होतं. मला बघून पळालं नाही. उठून उभं राहिलं आणि दोन्ही हात पुढं केले, बेड्या घालायला.

"हात खाली घे," मी म्हणालो. "तुझं नाव निघालंय. चल."

त्यानं पहिला प्रश्न केला, "काकांची जखम बरी हाय का?" दुसरा प्रश्न, "यादी लागली का साहेब?"

मला माहीत नव्हतं. त्याच्या फोनमधलं कार्ड बापानं काढून घेतलं होतं. पोरानं बापाचा शब्द मोडला नव्हता. जीपमध्ये मी त्याला विचारलं, "कुणाचा तरी फोन घेऊन चोरून बघायचास नाही होय?" तो म्हणाला, "आण्णांनी शपथ घातली व्हती."

घाट उतरलो. डिंभे धरणाच्या पाण्याकडं वळण येतं तिथं माझ्या मोबाईलला रेंज आली आणि तो टुणटुण वाजायला लागला. मी तो त्याच्या हातात दिला. ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. पोरगं बोटानं यादी वर सरकवत होतं. थांबलं. त्याचा चेहरा एकदम उजळला. मग खालची ओळ वाचली.

"नंबर लागलाय," तो म्हणाला. "सरकारी कॉलेज."

"मग?"

"हजर व्हायची मुदत काल संपली."

मी लगेच कॉलेजात फोन लावला. दरडावून बोललो, मग विनवणीही केली. पलीकडचा बाबू भला माणूस होता, पण म्हणाला, जागा पुढच्या फेरीत गेली, आता आमच्या हातात काही नाही. पोरानं मोबाईल शर्टला पुसून मला परत दिला.

ठाण्यात बाप आला होता. त्याला सांगितल्यावर म्हणाला, "पुडच्या यादीत घेत्याल की." पोरगं म्हणालं, "न्हाई आण्णा. गेली ती." बाप बाकावर बसला. नंतर फिर्यादीही सहीसाठी आला आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांच्याही पोरांच्या जागा गेल्या होत्या आणि दोघांनी त्या एकमेकांच्या घालवल्या होत्या. माझ्याकडं त्यासाठी कलम नव्हतं. पोरगं पुढच्या वर्षी परत परीक्षेला बसलं, नंबर थोडक्यात हुकला. आता ओतूरला एका मेडिकल दुकानात नोकरी करतं.

त्या केसनं मला एक शिकवलं. काठीचा मार दवाखान्यात बरा होतो. फिर्यादीत घातलेल्या नावाचा मार बरा करायची सोय आपल्याकडं नाही. आणि जो दुसऱ्याचं नाव घालतो, त्याला पुढं खऱ्या माणसाचाही विश्वास वाटत नाही. तो पोलिसाला भितो, कारण तो स्वतःला ओळखतो.

रिटायर झाल्यावर गावातले लोक माझ्याकडं अर्ज-फिर्याद दाखवायला येतात. परवा एकजण आला. बांधाचं भांडण. मी नावं वाचत गेलो. शेवटचं नाव एका पोरीचं होतं.

"ही भांडणात होती?"

"नव्हती वो. घरातच व्हती."

"मग?"

"शिकतीय ना ती. नर्सिंगला नंबर लागलाय."

मी चष्मा काढला, कागद त्याच्या हातात दिला आणि दार दाखवलं. तो शिव्या घालत गेला. आत त्याच्यासाठीही चहा टाकला होता. तो मी ओतून दिला.