शिळं पाणी

आमची सहा महिन्यांची मुलगी तापानं दोन दिवसांत गेली आणि बायकोनं बोलणंच टाकलं. स्वयंपाक करी, वाढी, भांडी घाशी, पण तोंडातून शब्द नाही. मी शाळेत शास्त्र शिकवीत असे. वर्गात मोठी बडबड, घरी आलो की हात चोळत बसणं.

शेवटी काहीच सुचेना, तेव्हा सक्करदऱ्याच्या तलावावरून मागूर माशाचं पिल्लू आणलं. बोटाच्या दोन पेरांएवढं, पण मिशा मात्र फौजदाराच्या. गांधीबागेतल्या एका कापडवाल्यानं टाकून दिलेल्या कपाटाच्या काचा जोडून त्याच्यासाठी पेटी केली. मासे पकडणारा ढीवर मला बजावून म्हणाला, "मास्तर, मोठा मागूर गाळातबी जगते, पन हे पोर लय नाजूक हाय. पानी शिळंच ठेवजा. ताजं देल्लं तं मरते."

चौथ्या दिवशी मी शाळेला निघालो होतो. मागून आवाज आला, "अवो, हे हवा खायले वर येऊन राहिलं!" चार महिन्यांनी ऐकलेला आवाज! मी चष्मा पुसायचं सोंग केलं.

मग तिनं पिल्लाचा ताबाच घेतला. मासळीच्या टोपलीजवळून जाताना नाकाला पदर लावणारी ही बाई आता परसातली गांडुळं उकरून विळीवर बारीक चिरू लागली. "काहून रुसला गा?" असं त्याला रागावे. माझ्याशी अजून दोन-चारच शब्द, पण तेवढ्यावरही मी खूश होतो.

महिन्याभरात पिल्लाच्या मिशांवर पांढरी बुरशी धरली. ते तळाशी पडून राही. मी मीठ घालून पाहिलं, पेटी सावलीत हलवली. ती काचेला कपाळ टेकून तासन्‌तास बसे. मासा मेला तर तो आवाजही जाणार, या भीतीनं माझं जेवण तुटलं.

त्यातच सूर्यग्रहण आलं. दरवर्षी मी दिवा आणि चेंडू घेऊन मुलांना ग्रहण समजावून देई आणि ते पाळणाऱ्यांची टिंगल करी. ग्रहण सुटलं, बायको न्हाणीत आंघोळीला गेली. आळीभर बायका घागरी, माठ, हंडे अंगणात रिकामे करत होत्या. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "मास्तर, गिरनातलं पानी ठेवू नका जी, बाधते!"

मी पेटीकडे पाहिलं. त्यात तुळशीचं पानही टाकलेलं नव्हतं. पिल्लू कुशीवर कललं होतं. मला काय झालं कोण जाणे, मी धावत विहिरीवर गेलो, दोन बादल्या ओढल्या आणि पेटीतलं सगळं पाणी बदललं. ढीवराचं बोलणं आठवत होतं, तरी हात थांबले नाहीत.

ताज्या पाण्यात पिल्लू एकदम उसळून पोहलं. आंघोळ करून आलेली ती ते पाहून हसली. घाईघाईनं गांडूळ चिरून आणलं, चार तुकडे टाकले. त्यानं एक तोंडात घेतला. तासाभरात ते पोट वर करून तरंगू लागलं.

"मीच जास्त चारलं," ती म्हणाली. "भूक नव्हती त्याले. माह्या हातचं काहीच जगत नाही."

पाणी मी बदललं, एवढंच सांगायचं होतं. तीन शब्द. पण शास्त्राचा मास्तर ग्रहणाला भ्याला, हे बायकोपुढे कबूल करायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "जाऊ दे."

तिला पुढे मूल झालं नाही. शेजारणी आपली बाळं तिच्या मांडीवर द्यायला येत, तेव्हा ती दोन्ही हात पदराखाली घेई आणि मानेनंच नको म्हणे. मी तिथंच बसलेला असे.