लहानीची शकू

मूल जागं असेपर्यंत माझी आई खुर्चीवर टेकत नसे. घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी सात महिन्यांची मुलगी गादीवर लोळत असायची आणि आई शेजारी उभी. मी म्हणायचे, "अगं बस ना, आपलंच घर आहे." ती म्हणायची, "मूल जागं म्हणजे ड्युटी चालू."

ही ड्युटी तिने आखातातल्या एका राजघराण्यात पंधरा वर्षं केली. ती गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील वारले होते, त्यामुळे मला आंबिवलीत मावशीकडे ठेवलं होतं. दोन वर्षांतून एकदा आई महिन्याच्या सुट्टीवर यायची. चाळीतल्या बायका तिच्याभोवती जमायच्या. "शकू, राजवाडा आतून कसा असतो गं?"

"मला काय माहीत? मी पोरांची नखं, कान आणि शी बघते. राजाच्या पोराची पण शीच असते, बाई."

बायका हसायच्या. मला हसू यायचं नाही.

शेवटची आठ वर्षं तिच्याकडे एक राजकन्या होती, जन्मल्या दिवसापासून. तिचं नाव बाहेर सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही, असा तिथला नियम. म्हणून आई तिला 'लहानी' म्हणायची. मी एकुलती एक मुलगी. आमच्या घरात लहानी कुणी नव्हती. सुट्टीत माझ्या ताटात वाढताना आई सांगायची, "लहानीला वरणभात आवडतो. तूप मात्र वरून लागतं तिला." लहानी मराठी बोलायची, हेही तिनेच कौतुकाने सांगितलं. "मला म्हणते कशी, शकू, उगाच डोकं नको खाऊस." ते वाक्य मावशीचं होतं. आंबिवलीतून ते राजवाड्यात पोचलं होतं. त्या महिन्यात मी आईशी मोजकंच बोलले.

मी पंचवीस वर्षांची असताना आई अचानक कायमची परत आली. का, ते तिने सांगितलं नाही. दोन वर्षांनी मला मुलगी झाली आणि माझी रजा संपल्यावर आई आमच्याकडे राहायला आली.

एका संध्याकाळी मी ट्रॅफिकमधून दीड तास उशिरा घरी पोचले. मुलगी आईच्या कडेवर होती. मी हात पुढे केले तर तिने तोंड फिरवून आईच्या खांद्यात खुपसलं. आईने क्षणही न घालवता तिला माझ्याकडे दिलं आणि ती खोलीबाहेर गेली. मुलगी दहा मिनिटं रडली. आई स्वयंपाकघरातून आली नाही.

"निघून काय गेलीस?" मी विचारलं.

"मॅडम आली की मूल द्यायचं आणि बाहेर जायचं. वळून बघायचं नाही. बघितलं तर मूल आणखी रडतं."

"मी मॅडम आहे का?"

"मुलाची आई म्हणजे मॅडमच."

मग, कांदा चिरता चिरता, तिने परत येण्याचं कारण सांगितलं. लहानीला ताप भरला होता. मॅडम, म्हणजे तिची आई, उशाशी बसली होती. लहानी तिचा हात बाजूला सारून म्हणाली, "शकू पाहिजे." आठवड्याच्या आत माझ्या आईच्या हातात परतीचं तिकीट होतं.

"राग नाही आला तुला?"

"कशाचा राग? आईला हेवा वाटणारच. मी सुट्टीवर आले की तू माझ्याकडे यायची नाहीस, मावशीच्या मागे लपायचीस. मला काय गोड वाटायचं?"

हे सगळं ऐकून घेतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी सोसायटीतल्या पाळणाघरात मुलीचं नाव घातलं. आईला म्हणाले, "तुला पण आराम नको का?" ती "बरं," म्हणाली.

आंबिवलीला मावशीकडे परत जाण्याआधी तिने वहीची दोन पानं लिहून दिली. ड्युटी बदलताना पुढच्या बाईसाठी लिहायची तिची पद्धत होती. मुलगी उजव्या कुशीवर लवकर झोपते. कुकरच्या शिट्टीला घाबरते, आधी सांगितलं की घाबरत नाही. जांभई दिली की झोप नाही, कंटाळा. कानामागे बोट फिरवलं की गप्प होते. मी ती पानं पाळणाघरात देण्याआधी वाचली. यातलं एकही मला माहीत नव्हतं.

तीन आठवडे मी फोन केला नाही. चौथ्या रविवारी मुलीला घेऊन आंबिवलीला गेले. पलंगावर बॅग उघडी होती आणि मावशी चिडून साड्यांच्या घड्या घालत होती.

"मॅडमला मुलगा झालाय," आई म्हणाली. "कुणाकडे राहत नाही म्हणे. स्वतः फोन केला तिने."

"तिनेच हाकललं ना तुला?"

"हो. आणि तिनेच बोलावलं."

"मी तुला न्यायलाच आलेय आज."

आईने माझ्या मुलीला घेतलं आणि तिचे मोजे सारखे केले. "मी हो म्हटलंय गं," ती म्हणाली. "गेल्या रविवारी विचारलं असतंस तर तुझ्याकडेच आले असते."

त्याला दीड वर्ष झालं. लहानीचा हेवा मी अनेक वर्षं केला. तो आता उरलेला नाही. आता मला तिच्या आईचा हेवा वाटतो. मी तिला कधी पाहिलेलं नाही. आम्हा दोघींच्या घरी एकच गोष्ट घडली आणि दोघींनीही शकूला घालवलं. फोन मात्र तिने आधी केला.